सत्तावन्न किलो

"थुंकतेयस का?"

मुंगीने हातातला कागदी पेला मांडीआड नेला. "च्युइंग गम आहे, काका."

"च्युइंग गम एकदा थुंकतात. तू मघापासून पाचव्यांदा थुंकलीस."

 भिंतीलगतच्या बाकावर क्रेनचालकाच्या शिकाऊ जागेचे सहा उमेदवार बसले होते. समोरच्या दारावर 'वैद्यकीय तपासणी' अशी पाटी होती. खिडकीबाहेर बंदराचं आवार दिसत होतं. एकावर एक रचलेले कंटेनर आणि त्यांच्या वर चार लांब पायांवर उभ्या असलेल्या क्रेन. पंखा फिरत होता तरी बाकावरचे सगळे घाम पुसत होते. मुंगीच्या कपाळावर मात्र घामाचा टिपूस नव्हता, आणि तिने एकावर एक दोन स्वेटशर्ट घातले होते.

घंटीकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली. "घे. दोन घोट घे."

"नंतर."

"कशानंतर?"

"काट्यानंतर," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

 बावीस वर्षं घंटीकाका बॉक्सिंगच्या रिंगजवळ घड्याळ घेऊन बसले होते. नोकरी पाणीमीटर खात्यात, कारकुनाची. सुट्टी आली की स्पर्धांना जायचं आणि फेरीची घंटा वाजवायची. लोक त्यांना त्यावरूनच ओळखत. वजन उतरवणारा खेळाडू कसा दिसतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ओठांना पडलेल्या चिरा, आत गेलेले डोळे, कमी बोलणं. अंगात प्लॅस्टिक घालून पळायचं, पाणी तोडायचं, शेवटी थुंकून थुंकून काही ग्रॅम कमी करायचे. हे सगळं समोर बसलं होतं आणि सकाळपासून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बसमध्ये ती शेजारी बसली होती. ते मुलाखतीत काय विचारतील हेच सांगत राहिले होते.

"कधीपासून?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"शनिवारपासून."

आज बुधवार होता.

"किती उतरवलंस?"

"सहा. अजून शंभर ग्रॅम आहेत. माझा नंबर चौथा आहे, तोवर होतील."

"अगं पण कशासाठी? इथे कोण वजनी गट लावतंय?"

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय ना सत्तावन्न?"

फॉर्म त्यांनीच भरला होता. गेल्या आठवड्यात, घरी, जेवणाच्या टेबलावर. आधी हे काम त्यांच्या बायकोचं होतं. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आणि निवृत्त झाल्यावरही तिचा कान फोनलाच होता. खेळ सुटलेली पोरं रिकामी फिरताना दिसली की तिला राहवायचं नाही. आधी खेळून नंतर कुठेतरी कामाला लागलेल्या माणसाला ती शोधून काढायची आणि नव्याने थांबलेल्या खेळाडूला त्याच्या गळ्यात बांधायची. आठवड्यातून एकदा बोलायचं, काम कसं असतं ते सांगायचं, साहेबाशी ओळख करून द्यायची, एवढीच अट. टाळाटाळ करणाऱ्याला ती स्वतः फोन लावायची. "मी बोलतेय. ठेवू नकोस, मी परत लावेन." असं करत तिने चाळीसएक जण कामाला लावले होते. प्रत्येकाचं एक कार्ड होतं. माणूस घरी आला की समोर बसवायची, खायला घालायची आणि खाणं चालू असतानाच एकेक विचारून लिहायची. बुटाचं माप, दुखरा गुडघा, घरात कोण आजारी आहे, सगळं.

ती जाऊन आठ महिने झाले होते. कार्डं आता घंटीकाकांकडे होती. त्यांनी मुंगीचं कार्ड काढलं, वजनासमोर सत्तावन्न दिसलं, ते फॉर्मवर उतरवलं. कार्डावरची तारीख पाच वर्षांपूर्वीची होती. पण त्यांना तारीख बघायचं सुचलंही नाही. मुंगी म्हणजे सत्तावन्न किलो, हे त्यांच्या डोक्यात तिच्या खऱ्या नावाइतकंच पक्कं होतं. आणि सही करताना मुंगीने तो आकडा पाहिला, तेव्हा तिच्याही मनात आलं नाही की काका चुकले. लिहिलंय तर भरायचं, एवढंच तिला माहीत. रिंगमध्ये कागदावरच्या आकड्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरलं तर खेळाडू घरी जातो. कुणी ऐकून घेत नाही.

"मुंगे, ते चुकून लिहिलंय. माझी चूक आहे. पाणी पी."

"आता चुकून कसं म्हणता? खाली आपण दोघांनी सही केलीय. 'वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास अर्ज रद्द.' तुम्हीच वाचून दाखवलंत. म्हणालात, कागदावर एक आणि समोर एक निघालं तर पहिल्याच फेरीत बाहेर."

"ते मी जन्मतारखेबद्दल म्हणालो होतो."

"मला तसं वाटलं नाही." ती पुन्हा पेल्यात थुंकली. थुंकी निघालीच नाही. "आणि आता ती चूक राहिलीच कुठे? मी भरते ना सत्तावन्न. कागद खरा केलाय मी."

 काटा बरोबर दाखवेल, डॉक्टर आकड्यावर खूण करतील, कुणाला काही कळणार नाही.

"रक्तदाब?" त्यांनी विचारलं.

"खेळाडूंचा खालीच असतो म्हणायचं."

"आणि मग शिडी आहे. चाळीस मीटर. दर टप्प्यावर कमरेचा पट्टा सोडून पुढच्या कडीला अडकवायचा असतो. त्या मधल्या वेळात तुला धरणारं काहीच नाही."

"काका, मी फायनल खेळलेय असं. दोन दिवस थेंब नव्हता पोटात."

"हरली होतीस."

"पडले नव्हते," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिला पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. क्रेनच्या शिकाऊ जागेला पस्तिशीपर्यंतच घेत, आणि पुढची तुकडी सहा महिन्यांनी. खेळ सोडल्यावर ती एका व्यायामशाळेत टेबलामागे बसली, ती व्यायामशाळाच बंद पडली. मग एका शाळेतलं शिक्षिकेचं काम हातातोंडाशी आलं ते दुसऱ्या कुणाच्या भाचीला गेलं. आता एका गोदामात रोजंदारीवर खोकी दुमडत होती. घरी आई, तिचे गुडघे गेलेले. मागच्या रविवारी मुंगी त्यांना म्हणाली होती, "काका, हे झालं नाही तर मी परत तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही बोलावता, मी येते, दोघंही खोटं हसतो. पुरे झालं."

दार उघडलं. दुसऱ्या नंबरचा मुलगा आत गेला.

तेवढ्यात जिन्यावरून गोलकीपर वर आला, घंटीकाकांच्या बायकोने कामाला लावलेल्यांपैकी एक. सहा फुटी, रुंद, आता पोट सुटलेलं. पंधरा वर्षांपूर्वी संघातून बाहेर पडला तेव्हा हाच माणूस चार महिने घराबाहेर पडत नव्हता. काकूंनी त्याला रोज सकाळी फोन करून उठवलं होतं. आता तो इथे प्रशिक्षणाचा अधिकारी होता.

"काय मुंगीबाई, तयार?" तो म्हणाला.

"तयार," मुंगी म्हणाली आणि हसली. हसताना तिचा खालचा ओठ फाटला. तिने तो जिभेने पुसला.

गोलकीपरने घंटीकाकांना खिडकीशी नेलं. "काका, एक सांगतो, मनावर घेऊ नका. तुम्ही पाठवलेला तो पोहणारा महिन्यात पळाला. दुसऱ्याने तर फोरमनची कॉलर धरली. साहेब मला म्हणतात, तुझे खेळाडू पदकं घालून येतात आणि भांडून जातात. या वेळी मी छातीठोक सांगून आलोय. आज काही वाकडं व्हायला नको."

"नाही होणार," घंटीकाका म्हणाले. तोंडातून गेलं आणि मग कळलं आपण काय बोललो ते.

"बस्स. तुमच्या शब्दावर आहे सगळं." त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची तब्येत ठीक ना? बारीक झालात."

"ठीक आहे."

तो खाली गेला. घंटीकाका बाकाजवळ परत आले तेव्हा मुंगी डोळे मिटून बसली होती. तिची बोटं मांडीवर एकामागून एक हलत होती, फेरीआधी ठोशांचा क्रम घोकावा तशी. त्यांनी तिचं मनगट धरलं. तिने हात सोडवून घेतला नाही, यावरूनच ती किती थकली होती ते त्यांना समजलं. नाडी पळत होती. त्यांनी सवयीने घड्याळात बघून मोजली. मग परत मोजली.

बायकोही म्हणायची, जरा दमलेय, बाकी काही नाही. चार महिने म्हणत होती. एका शनिवारी ती खुर्चीवरून उठताना टेबलाला धरून उभी राहिली. त्यांनी ते पाहिलं होतं. पाहूनही ते बॅग उचलून स्पर्धेला गेले होते, कारण ती म्हणाली, जा, तिथे घंटा कोण वाजवणार.

"तीन नंबर," आतून आवाज आला. बाकावरचा एकजण उठला.

"मुंगे, मी आत जाऊन सांगतो."

तिने डोळे उघडले. "काय सांगता?"

"खरं तेच."

"सांगितलंत तर अर्ज रद्द होईल."

"होईल किंवा नाही होणार."

"मी सांगते काय होईल." तिचा आवाज कोरडा, खरखरीत झाला होता. शेजारचा उमेदवार मान वळवून बघू लागला तशी ती अजून हळू बोलू लागली. "बॉक्सर बाई आली, खोटा फॉर्म भरला, वर चक्कर येते, न्या परत. गोलीदादाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी पाच दिवस झोपले नाहीये काका. आई विचारते जेवत का नाहीस, तिला सांगते दात दुखतोय. एक शिडी आहे. चढेन, उतरेन, मग तुम्ही बादलीभर पाणी पाजा. तुम्ही फक्त गप्प बसा. बावीस वर्षं काय केलंत? लोक मार खात होते, तुम्ही घड्याळ बघत होतात. आज पण तेच करा."

 तिला बोलून वाईट वाटलं असावं, पण तिने ते दाखवलं नाही.

"चार नंबर."

ती उठली. सरळ उठली, खांदे मागे, हनुवटी खाली. दोन पावलं नीट टाकली. तिसऱ्या पावलाला तिचा डावा हात बाजूला गेला आणि भिंतीला टेकला. क्षणभरच. मग तिने तो काढला आणि दाराशी गेली.

घंटीकाका तिच्या आधी आत शिरले.

"नातेवाईकांनी बाहेर थांबायचं," नर्स म्हणाली.

"मी नातेवाईक नाही. हिचा फॉर्म मी भरलाय," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "त्यात वजन चुकीचं आहे. हिला न विचारता जुन्या कार्डावरून लिहिलं. तो आकडा बघून ही शनिवारपासून उपाशी आहे, पाणीही नीट प्यालेली नाही. हिला आज शिडीवर पाठवू नका."

मुंगी दारात उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरळ काट्याकडे गेली, दोन्ही स्वेटशर्ट काढले, आतली प्लॅस्टिकची पिशवी फाडून टाकली, बूट काढले आणि काट्यावर उभी राहिली.

"सत्तावन्न," ती म्हणाली. "बघून घ्या. फॉर्म बरोबर आहे."

काट्यावर खरोखरच सत्तावन्न होतं.

डॉक्टरीणबाईंनी आकड्याकडे पाहिलं, फाटलेल्या प्लॅस्टिककडे पाहिलं. मग मुंगीच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "बस इथे," त्या म्हणाल्या. रक्तदाब घेतला, नाडी घेतली, आणि नर्सला काहीतरी खूण केली. नर्सने मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट फोडलं.

"खेळाडू म्हणजे वाईट पेशंट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांगितलेलं पाळतात, पण नेमकं नको तेच. हिला आज एक मजलाही चढवणार नाही मी."

"म्हणजे नापास?" मुंगीने विचारलं.

"आज अपात्र. या तुकडीची तपासणी शुक्रवार दुपारपर्यंत आहे. पुन्हा तपासता येईल. पण फॉर्म चुकीचा आहे हे आता माझ्या कानावर आलंय, ते मी सोडू शकत नाही. भरणाऱ्याने लेखी द्यावं, आणि प्रशिक्षण अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. त्यांनी केली तर शुक्रवारी आणा. नाहीतर रद्द."

गोलकीपरला फोन गेला. तो येईपर्यंत घंटीकाकांनी नर्सकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. तीन ओळी लागल्या. उमेदवाराचं वजन मी विचारलं नाही. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून लिहिलं. चूक पूर्णपणे माझी आहे.

मुंगी पडद्याआड खाटेवर बसून पाणी पीत होती. एकेक घोट, नर्सने सांगितलं होतं तसं.

"माझं वजन होतं ते," ती पडद्याआडून म्हणाली. "मी उतरवलं होतं. तुमचं काय जात होतं?"

"काही नाही."

"मग का बोललात?"

घंटीकाकांना बरंच सांगायचं होतं. टेबलाला धरलेल्या हाताचं सांगायचं होतं. "मला बघवलं नाही," ते म्हणाले.

गोलकीपर आला. त्याने कागद वाचला, डॉक्टरीणबाईंचा शेरा वाचला, आणि घंटीकाकांना दाराबाहेर नेलं. बाकावरचे सगळे बघत होते, पण त्याने पर्वा केली नाही.

"तासाभरापूर्वी मला काय म्हणालात तुम्ही? नाही होणार."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"काकूंनी फॉर्म पाठवण्याआधी फोनवर मला पूर्ण वाचून दाखवला असता. स्वल्पविरामासकट."

"हो," घंटीकाका म्हणाले.

गोलकीपर भिंतीला टेकला. कागद त्याच्या हातात होता आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता. "यावर मी सही केली की उद्या साहेब मला बोलावणार. मी काय सांगू? की आमच्याकडे वजन विचारायची पद्धत नाही?"

"सांग की म्हातारा चुकला. पोरीने दिलेला आकडा भरून दाखवला. तुला असा माणूस हवाय की नको ते साहेबांना विचार."

"तुम्हाला सोपं वाटतं."

"नाही वाटत."

 आतून पाचव्या नंबरला बोलावणं आलं. मग गोलकीपरने खिशातून पेन काढलं, कागद भिंतीवर धरला आणि सही केली. पेन भिंतीवर नीट चालेना, त्याने दोनदा गिरवली.

"शुक्रवारी तिला एकटीला पाठवा," तो म्हणाला. "तुम्ही येऊ नका. आणि यापुढे इथे तुमच्याकडून कुणी नको, काका. मला राग नाही. पण दर वेळी मी नाही उत्तर देऊ शकत."

त्यांच्या यादीत अजून तिघंजण होते, इथल्याच पुढच्या तुकडीसाठी. त्यांतल्या एकीला घंटीकाकांनी कालच शब्द दिला होता. त्यांनी मान हलवली.

मुंगीला त्यांनी रिक्षाने घरापर्यंत सोडलं.  उतरल्यावर तिने दारात उभ्या आईला फक्त एवढंच सांगितलं, "दात काढावा लागला नाही." आणि आत गेली.

शुक्रवारी ते गेले. आत नाही, आवाराच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या बसथांब्यावर. ऊन चढलं होतं. थांब्याच्या सावलीत एक पहारेकरी डबा खात बसला होता. त्याने सरकून जागा दिली.

"कुणी आहे का आपलं?" त्याने विचारलं.

"ओळखीची आहे एक."

सव्वाअकराला दुसऱ्या क्रेनच्या पायाशी दोन माणसं आली. लांबून दोघंही सारखीच, पिवळ्या टोप्यांची. त्यातलं एक लहानखुरं होतं, ते शिडीला लागलं. मागून दुसरं. घंटीकाका उभे राहिले. पहिला टप्पा. लहानखुरं माणूस थांबलं, कमरेशी हात गेला, पुन्हा निघालं. दुसरा टप्पा. तिसऱ्यावर ते जास्त वेळ थांबलं. घंटीकाकांनी हातातल्या घड्याळाकडे बघायचं टाळलं.

"घाबरली असेल तर इथूनच उतरवतात," पहारेकरी घास चावत म्हणाला. "काल दोघांना उतरवलं. एकजण तर शिडीला मिठी मारून बसला होता."

ते माणूस निघालं. चौथा, पाचवा. आता ते एवढंसं दिसत होतं. मग क्रेनच्या लोखंडात दिसेनासं झालं.

"पोचलं," पहारेकरी म्हणाला. "आता उस्ताद खुर्चीत बसवेल. खाली काचेतून जमीन दिसते, त्यातच निम्मे गळतात. नाही गळलं तर बटणं दाखवतो. बटणांना हात लावला म्हणजे झालं म्हणायचं."

केबिन छोटीशी होती, खालून काडेपेटीएवढी. काचेवर ऊन पडलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. बस आली. वाहकाने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी हात हलवून नाही म्हटलं, बस गेली. पहारेकऱ्याने डबा बंद केला आणि तो फाटकाकडे निघून गेला.

घंटीकाका कपाळावर हात धरून बघत राहिले. काही हलत नव्हतं. मग केबिनच्या कोरड्या काचेवरून वायपर एकदा इकडून तिकडे गेला, थांबला, आणि परत आला.